बसलेल्या धंद्याची वही

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे एकाच गोष्टीला दोन भाषांनी दिलेली नावं शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय लागली आहे. मराठीत आपण 'अपयश' म्हणतो. यश म्हणजे मुळात कीर्ती, नावलौकिक. म्हणून अपयश म्हणजे मुळात दुष्कीर्ती, बदनामी. उर्दूत 'नाकामी' म्हणतात. मुलांना वाटतं, ज्याला काम नाही तो नाकाम. पण हा 'काम' आपल्या कामधंद्यातला नव्हे. तो फारसीतून आलेला आहे आणि त्याचा अर्थ इच्छा, मुराद. ज्याची मुराद पुरी झाली तो कामयाब, ज्याची राहून गेली तो नाकाम. बाजारात मात्र तिसराच शब्द चालतो. तिथे म्हणतात, धंदा बसला.

तीन शब्द, तीन निवाडे. एक म्हणतो तुझं नाव खराब झालं, दुसरा म्हणतो तुझी इच्छा राहिली, तिसरा फक्त एवढंच सांगतो की जे चाललं होतं ते खाली बसलं. आमच्या तेल्हाऱ्यात तरुण पोराचा धंदा बसला की गाव तोंडानं 'बसला' म्हणतं, पण वागतं मात्र 'अपयश' म्हटल्यासारखं. पोरगं चौकातून जाताना मान खाली घालून जातं. लग्नाची बोलणी थांबतात. मोहल्ल्यातल्या दुसऱ्या कुणी काही सुरू करतो म्हटलं, की घरातली मोठी माणसं म्हणतात, "उसका क्या हुआ, देखा ना?" एका पोराचा बसलेला धंदा दहा पोरांना बसवून ठेवतो.

हे आज लिहायचं कारण माझा एक जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. गाव लहान आहे आणि त्याचं कर्ज अजून फिटायचं आहे. लिहू का, असं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिहा सर, पण आकडे बरोबर लिहा." आकड्यांचा हा आग्रह त्याला कुठून लागला, ते पुढे येईलच.

दहावीनंतर त्यानं अकोल्याला डिप्लोमा केला. नोकरीच्या शोधात असतानाच मार्च २०२० आला. २४ मार्चच्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला आणि गाव कुलूप लावल्यासारखं बंद झालं. त्या वर्षीचा रमजानही लॉकडाऊनमध्येच आला. मशिदी बंद, बाजार दिवसातून थोडाच वेळ उघडा, म्हातारी माणसं घरात अडकलेली. या पोरानं वडिलांची जुनी मोटारसायकल काढली, दोन मित्र सोबतीला घेतले, व्हॉट्सॲपवर एक ग्रुप केला आणि घरोघरी किराणा, भाजी, औषधं पोचवायला लागला. ईदच्या आधी शेवया, खजूर, चारोळीच्या याद्यांनी त्याचा फोन भरून जायचा. दिवसाला साठ-साठ ऑर्डरी. लोक पैसे देत आणि वर दुआही देत. हिंदू मोहल्ल्यातल्या आजीबाई त्याला दारातूनच "बाप्पा, उद्या दूध आणजो" म्हणून सांगायच्या. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला गावानं पहिल्यांदाच असं नावानं ओळखलं होतं.

त्याला वाटलं, हेच आपलं काम. यात चूक काही नाही, कुणालाही वाटलं असतं. २०१६ च्या जानेवारीत सरकारनं 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू केल्यापासून हा शब्द मुंबई-पुण्यातून निघून तालुक्याच्या चहाच्या टपरीपर्यंत आलाच होता. लॉकडाऊन उठल्यावर त्यानं शहरातल्या एका कंपनीकडून ॲप बनवून घेतलं. मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटातून तीन लाख कर्ज काढलं. 'शिशु' गटाची मर्यादा पन्नास हजार, त्यात त्याचं भागणार नव्हतं. वडिलांची शिलाईच्या कामातून साठलेली पुंजी घातली. खालाकडून, म्हणजे मावशीकडून, दीड लाख घेतले. मुख्य रस्त्यावर खोली, तिच्यावर रंगीत बोर्ड, दोन मोपेड, दोन पगारी पोरं. दहा-अकरा महिन्यांत सगळं बंद झालं. मोपेडी विकल्या, बोर्ड उतरवला. ॲप बनवणाऱ्यांनी वर्षाचं भाडं मागितलं, ते भरलं नाही, तेव्हा ॲपही एका सकाळी दिसेनासं झालं.

मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीनं. जुम्याची नमाज तो जामा मशिदीत पढायचा. तिथं पुढच्या सफमध्ये त्याचे खालू बसतात. धंदा बंद झाल्यावर तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लहान मशिदीत जायला लागला. खालूंनी त्याला एका शब्दानंही टोचलं नव्हतं. पण दीड लाख रुपये दोघांच्या मधे भिंतीसारखे उभे राहिले होते.

एक दिवस त्याचे वडील शाळेत आले. मधल्या सुट्टीची वेळ, बाहेर पोरांचा गलका. ते बसले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, "सर, इसकू जरा समझाओ. मुंबई में रिश्तेदार है, गोदाम में लगा देता बोला. लेकिन ये हिलताच नहीं. दिनभर वो वही लेके बैठा रहता."

मी शिक्षक माणूस. महिन्याला पगार होतो. नफा-तोटा हे शब्द मी फक्त गणिताच्या मास्तरांच्या तोंडून ऐकलेले. धंद्याबद्दल सल्ला देण्याचा मला अधिकार काय? माझ्याकडे होत्या त्या वाचलेल्या गोष्टी. म्हणून पोराला संध्याकाळी घरी बोलावलं आणि ज्याचं नाव आमच्या भागातल्या कितीतरी विहिरींवरच्या पंपावर कोरलेलं दिसतं, त्या माणसाची गोष्ट सांगितली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला मात्र चित्रं काढायचा नाद. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपण. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला यापेक्षा वाईट बातमी काय असणार? त्यांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत. ती शिकून ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. म्हणजे आमच्याच जातीचे, मास्तर!

नोकरी चालू असताना दोघा भावांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. कंपनी आपला जन्म त्याच दुकानापासून, १८८८ पासून मोजते. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले.

आता नांगराची गोष्ट. नांगर चांगला होता. पण शेतकरी घेईना. लोखंडानं जमीन नासते, तिच्यात विष उतरतं, अशी लोकांची समजूत होती. बापजाद्यांनी लाकडी नांगर चालवला, मग ही ब्याद कशाला? पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्या पोरानं बनवलेली वस्तू दोन वर्षं पडून राहिली तर आपण घरात काय काय बोलू, याचा जरा विचार करा.

एवढं ऐकून पोरगं म्हणालं, "म्हणजे सर, मीपण थांबायला पाहिजे होतं?"

हाच प्रश्न महत्त्वाचा होता. आपल्याकडे प्रेरणा देणारी भाषणं करणारे लोक इथंच गाडी थांबवतात. चिकाटी सोडू नका, हार मानू नका, टाळ्या. पण नीट बघा. लक्ष्मणरावांनी रंगांच्या बाबतीत चिकाटी धरली नाही. बढतीसाठी पुढची दहा वर्षं त्याच दारात उभे राहिले नाहीत. नांगराच्या बाबतीत मात्र दोन वर्षं थांबले. माणूस तोच, पण तीन वेळा तीन प्रकारे वागला. कारण तिन्ही वेळा मोडलेली गोष्ट वेगवेगळी होती. पहिल्या वेळी अडचण त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत होती, ती कष्टानं बदलणारी नव्हती. दुसऱ्या वेळी दार दुसऱ्याच्या हातात होतं. तिसऱ्या वेळी माल बरोबर होता, गरजही खरी होती, कमी होता तो घेणाऱ्याचा भरवसा. भरवसा वेळ घेऊन कमावता येतो. म्हणून तिथं थांबण्यात अर्थ होता.

मी त्याला जोडीला आणखी एक उदाहरण दिलं. अर्देशीर गोदरेज. जन्म १८६८, म्हणजे लक्ष्मणरावांच्या बरोबरीचेच. शिकले वकिली, पण ती जमली नाही, खोटं बोलणं त्यांना झेपेना. मग वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून पैसे उसने घेऊन शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. हत्यारं उत्तम झाली. पण विकणाऱ्या इंग्रज कंपनीची अट होती, त्यांवर 'मेड इन इंडिया' छापायचं नाही. अर्देशीर म्हणाले, छापणारच. धंदा तिथंच बसला. त्यांनी आपला शब्द ठेवला आणि माल बदलला. मुंबईत घरफोड्या वाढल्याचं वर्तमानपत्रात वाचून १८९७ मध्ये लालबागला कुलपं बनवायला लागले. तिजोऱ्या, साबण, कपाटं, हे सगळं त्यानंतरचं.

म्हणून मी त्या पोराला एवढंच म्हटलं, "थांबायचं की सोडायचं, ते नंतर बघू. आधी सांग, तुझं नेमकं काय मोडलं?"

त्यानं खांदे उडवले. "सगळंच."

"सगळं कधीच मोडत नसतं. तुझे अब्बू म्हणतात तू वही घेऊन बसतोस. ती उद्या घेऊन ये."

वही आणली ती लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानदार वापरतात तशी. ॲप असूनही पोरगं प्रत्येक ऑर्डर हातानं वहीत लिहायचं. तारीख, नाव, मोहल्ला, वस्तू, रक्कम, पोचल्याची खूण. ही सवय त्याला वडिलांकडून लागली. ते गिऱ्हाइकांची मापं अशीच वहीत लिहून ठेवतात. मगरिबनंतर आम्ही सात-आठ संध्याकाळी ती वही घेऊन बसलो. मी पेपर तपासणारा माणूस, हातात लाल पेन असलं की मला बरं वाटतं.

आधी साधं गणित मांडलं. घरटी सरासरी ऑर्डर तीनशे रुपयांची. दुकानदार त्याला शेकडा तीन टक्के द्यायचा, म्हणजे नऊ रुपये. पोचवण्याचे पंधरा. एका ऑर्डरमागे चोवीस रुपये. लॉकडाऊनमध्ये साठ ऑर्डरी होत्या, म्हणजे दिवसाला चौदाशे चाळीस. तेव्हा खोलीचं भाडं नव्हतं, पगार नव्हते, मित्र फुकट राबत होते. लॉकडाऊन उठल्यावर ऑर्डरी उतरल्या बारावर. बारा गुणिले चोवीस, दोनशे अठ्ठ्याऐंशी. एका पोराचा रोज तीनशे. पेट्रोल, भाडं, हप्ता आणि दुसरं पोरगं अजून बाजूलाच आहेत. ॲप कितीही सुंदर असतं, तरी हे गणित सुटणारं नव्हतं. हे त्यानं स्वतःच्या हातानं कागदावर मांडलं आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मला वाटायचं लोकांनी साथ सोडली."

लोकांनी साथ सोडली नव्हती. लोक आपल्या नेहमीच्या जगण्याकडे परत गेले होते. आमच्या भागात किराणा उधारीवर चालतो. कापूस वेचून बाजारात जातो तेव्हा घरात पैसा येतो, सोयाबीन-तूर निघते तेव्हा येतो. मधल्या महिन्यांत दुकानदाराची वही चालते. ॲप मात्र आधी पैसे मागतं. दुकानदार घर ओळखतो, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाचं पीक बुडालं, त्याला माहीत असतं. शिवाय बाजार म्हणजे नुसती खरेदी नसते. बायका आठवडी बाजारात जातात ते वांगी हातात घेऊन बघायला, आणि चार घटका घराबाहेर पडायलाही. घरात चांगला फोन एकच, तोही पोराच्या खिशात. लॉकडाऊनमध्ये या सगळ्या गोष्टी बंद पडल्या होत्या, म्हणून त्याचा धंदा चालला. आजारपणात लागलेली काठी माणूस बरा झाल्यावर कोपऱ्यात ठेवतो. त्यात काठीचा काही दोष नसतो.

मग दुसरं काम केलं. शेवटच्या तीन महिन्यांतल्या ऑर्डरी घेतल्या आणि जी वस्तू माणसाला गावातच अर्ध्या किलोमीटरवर मिळाली असती, तिच्यावर लाल काट मारत गेलो. पानंच्या पानं लाल झाली. शेवटी चाळीसेक ओळी उरल्या. त्या आम्ही वेगळ्या उतरवून काढल्या. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि इथं न मिळणारी औषधं. शिलाई मशीनचे, पाण्याच्या मोटारीचे, फवारणी पंपाचे सुटे भाग. उर्दू माध्यमाची गाइडं आणि वह्या. एका घरचा चष्मा. म्हणजे ज्या वस्तूसाठी माणसाला अकोल्याला जावं लागतं आणि अख्खा दिवस मोडतो, त्या. मजुरी बुडते, येण्याजाण्याचं भाडं लागतं, आणि वस्तू दोनशे रुपयांची. या चाळीस ओळींत एकानंही पोचवण्याच्या पैशांवरून घासाघीस केलेली नव्हती.

यादी वाचून तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "हे लोक ॲपवर नव्हते सर. हे मला फोन करायचे."

तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की गावानं ॲपवर कधी भरवसा ठेवलाच नव्हता. ठेवला होता तो या पोरावर. शाळेत असताना त्याचं गणित बेताचंच होतं. पण ऑफिसातून चार वर्गांच्या नोटिसा आणि तीन मास्तरांचे निरोप घेऊन पाठवला, की एकही निरोप विसरायचा नाही. ही गोष्ट कुठल्या गुणपत्रिकेत येत नाही. डिप्लोमाच्या प्रमाणपत्रावरही ती लिहिलेली नसते. त्यामुळे आपल्याला काय येतं असं त्याला विचारलं असतं, तर त्यानं संगणक सांगितला असता.

आता कर्जाबद्दल. हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, कारण मोठ्या लोकांच्या गोष्टींत हा भाग पटकन उरकला जातो. लक्ष्मणराव थांबू शकले, कारण मागे रामूअण्णा होते. पुढे बेळगाव नगरपालिकेनं कारखान्याची जागा रिकामी करायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर माळरानाची जागा दिली. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. अर्देशीरांच्या मागे मेरवानजी कामा होते. पहिल्या पडझडीनंतर माणूस उठतो तो नुसत्या स्वतःच्या जिद्दीवर उठत नाही. कुणीतरी त्याला वेळ दिलेला असतो.

आपल्या समाजात हा वेळ कोण देणार? सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की मुस्लिमांमध्ये स्वतःच्या छोट्या कामधंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, आणि बँकांच्या कर्जातला त्यांचा वाटा मात्र लोकसंख्येच्या मानानं कमी. म्हणजे धंदा आपण जास्त करतो आणि तो बहुतेक नात्यागोत्यातल्या पैशांवर करतो. बँकेचा हप्ता चुकला तर नोटीस येते. नात्यातला चुकला तर माणूस मशीद बदलतो.

याबाबत आपल्या दीनमध्ये सांगितलेलं अगदी स्वच्छ आहे. सूरह अल-बकरामध्ये कर्जदार तंगीत असेल तर त्याचा हात मोकळा होईपर्यंत मुदत देण्याचा हुकूम आहे. त्याच सूरहमध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लहान असो वा मोठा, तो मुदतीसकट लिहून ठेवायला सांगितलं आहे. पहिलं सावकारासाठी, दुसरं दोघांसाठी. जुम्याच्या बयानात पहिली गोष्ट पुष्कळदा ऐकू येते, दुसरी फारशी नाही. मी पोराला म्हटलं, "खालूंना तोंड चुकवू नकोस. कागद घेऊन जा." त्यानं कागदावर लिहिलं: घेतलेली रक्कम, कारण, धंदा का बसला त्याचा हिशेब, महिन्याला किती देईन, केव्हापासून देईन. खालूंनी तो कागद दोनदा वाचला. चहा मागवला. हप्ता जास्त वाटतो म्हणून कमी करायला लावला आणि खाली सही केली. पुढच्या जुम्याला पोरगं परत जामा मशिदीत दिसलं.

वडिलांशीही बोललो. ते पाचवक्ती नमाजी माणूस. त्यांना हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांची आठवण करून दिली. मक्केतलं सगळं मागे टाकून ते रिकाम्या हातांनी मदिन्यात आले. तिथले साद बिन रबी त्यांना आपल्या मालमत्तेतला निम्मा वाटा द्यायला तयार होते. त्यांनी दुआ दिली, वाटा नाकारला आणि विचारलं, इथला बाजार कुठं आहे ते दाखवा. पनीर आणि तुपाच्या छोट्या सौद्यांपासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. वडिलांना ही हकीकत माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक है सर. लेकिन इस बार बोर्ड नहीं लगाना."

बोर्ड लावला नाही. खोलीही घेतली नाही. आता तो आठवड्यातून तीन दिवस अकोल्याची फेरी करतो. आदल्या रात्री दहापर्यंत फोनवर यादी घेतो, वहीत लिहितो, वाचून दाखवतो. औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी घेतल्याशिवाय निघत नाही. सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळी वस्तू घरपोच. वस्तूचं बिल दाखवतो आणि आपले पैसे वेगळे सांगतो, चाळीसपासून शंभरपर्यंत. आमच्या शाळेची गाइडंही तोच आणतो. बँकेचे हप्ते चालू आहेत. खालांचे निम्म्याच्या वर फिटले. हे काही मोठं यश नाही, आणि पुढे होईल की नाही ते अल्लाहलाच ठाऊक. उद्या गावातच ही सगळी दुकानं निघाली तर ही फेरीसुद्धा बसेल. पण या वेळी त्याला ते आधी कळेल. दर महिन्याच्या शेवटी तो कुठल्या वस्तू वाढल्या, कुठल्या घटल्या ते बघत असतो.

मध्यंतरी मी त्याला विचारलं, या सगळ्यातून तू काय शिकलास? मला वाटलं, चिकाटी वगैरे म्हणेल. तो म्हणाला, "सर, लोक घाबरलेले असताना जे मागतात आणि निवांत असताना जे मागतात, ते वेगळं असतं. मी घाबरलेल्यांची यादी घेऊन निवांत लोकांचं दुकान काढलं." आणि थोड्या वेळानं, "मला मालक म्हणून बसता येत नाही. फिरता येतं. हे तीन लाखांत कळलं, महाग पडलं, पण कळलं."

किर्लोस्करवाडीच्या सुरुवातीच्या माणसांमध्ये अनंतराव फळणीकर नावाचे एक गृहस्थ होते. शाळेचं शिक्षण अर्धवट सोडलेले, पण लक्ष्मणरावांच्या हाताखाली ते कल्पक यंत्रज्ञ झाले. शाळेत न टिकलेल्या माणसाच्या हातात काय आहे, हे ओळखणारा भेटला म्हणून ते झालं. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असे फळणीकर बसलेले आहेत. कुणाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं, कुणाचं कोंबड्यांचं शेड रिकामं झालं, कुणाची बिर्याणीची गाडी घरामागे गंजत पडली आहे. त्यांना आपण दोनच गोष्टी सांगतो. एकतर 'हिंमत हरू नको', नाहीतर 'बस झालं आता, कुठंतरी लाग'. दोन्ही वाक्यं प्रेमानंच म्हटली जातात. पण त्यांच्या बसलेल्या धंद्याचा हिशेब बघायला त्यांच्याशेजारी कुणी बसत नाही.

तेव्हा वाचणाऱ्या भावाबहिणींना एकच विनंती. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर एक संध्याकाळ काढा. सल्ला नंतर द्या. वही मागा. वही नसेल तर आठवून लिहायला लावा: काय विकलं, कुणाला विकलं, कितीला पडलं, कोण परत आलं आणि कशासाठी आलं. जे परत आले त्यांची नावं वेगळ्या पानावर उतरवा. कदाचित चारच निघतील. त्या चौघांना फोन करायला सांगा आणि विचारायला सांगा, तुम्हाला अजून काय लागतं?